न दिसणारा सांधा

विहारात सतरंजीवर बसून सम्यक आजीविकेवर बोलणे सोपे असते. आम्हीही गेली वीस वर्षे बोलत आलो. वर्षावासात बोललो, चौदा ऑक्टोबरला बोललो, ऐकणाऱ्यांनी मानाही डोलावल्या. पण त्या दोन शब्दांचा अर्थ आम्हाला खऱ्या अर्थाने कळला तो एका गॅरेजमध्ये, ग्रीसने माखलेल्या बाकड्यावर. शिकवणारा होता आमच्या निम्म्या वयाचा पोरगा.

आमच्या वस्तीतल्या या पोराने आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा कोर्स केला, पाच वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली काढली आणि कर्ज काढून कुर्ल्याकडे स्वतःचे छोटेसे गॅरेज टाकले. कर्जाचे कागद आम्हीच तयार करून दिले. बी.कॉम.चा समाजाला तेवढा तरी उपयोग! दर रविवारी आम्ही तिथे जातो, त्याची जमाखर्चाची वही लिहितो आणि बिले करून देतो.

एका रविवारी गेलो तर दारात लांब नाकाची लाल स्पोर्ट्‌स मोटार उभी. १९६६ सालची फोर्ड मस्टँग. १९६४ साली ही गाडी अमेरिकेत बाजारात आली तेव्हा तिथल्या तरुणांनी ती डोक्यावर घेतली होती. तिच्या मालकांना पुढच्या रविवारी जुन्या गाड्यांच्या फेरीत ती मिरवायची होती. पण खड्ड्यातून गेली की डाव्या चाकाकडून ‘टक टक’ आवाज यायचा. आधी कोणीतरी शॉकअप बदलून दिले होते. आवाज तसाच राहिला.

दोष होता बॉल जॉइंटमध्ये. आपल्या खांद्यात जसा उखळीचा सांधा असतो, तसाच हा गाडीचा सांधा. पोलादी गोळा एका वाटीत बसवलेला असतो. त्याच्यामुळे चाक डावी-उजवीकडे वळते आणि त्याच वेळी खड्ड्याप्रमाणे वर-खालीही होते. प्रत्येक पुढच्या चाकाला असे दोन सांधे, एक वर, एक खाली. या गाडीत स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते, म्हणून पुढचा सगळा भार वरच्या सांध्यावर येतो. सांध्यावर रबराचे बूट असते. ते फाटले की आत धूळ-पाणी शिरते, ग्रीस निघून जाते, लोखंडावर लोखंड घासते आणि सांधा सैल पडतो. पुढच्या काचेशी लिंबू-मिरची टांगलेली होती, तीही ताजी. पण चाकाआडचे रबर वर्षानुवर्षे कोणी वाकून पाहिले नव्हते!

पोराने काम कसे केले ते आम्ही बसून पाहिले. गाडी जॅकवर घेतली, खाली घोड्या लावल्या, चाक काढले. शॉकअप काढून वरून स्प्रिंगमध्ये कॉम्प्रेसर घातला आणि स्प्रिंग आवळली. म्हणाला, “काका, लांब बसा. ही स्प्रिंग सुटली तर माणूस मारते.” मग स्प्लिट पिन काढली, नट सैल केला, पण पुरता काढला नाही. कारण सांधा एकदम निसटला तर हात जातो. बाजूने हातोड्याचे दोन नेमके ठोके, आणि घट्ट बसलेला सांधा मोकळा झाला. कंपनीने तो आर्मला रिव्हेट मारून बसवला होता. रिव्हेट ड्रिलने कापले, नवा सांधा बोल्टने बसवला. गाडी इतकी जुनी, तरी तिचे नवे सुटे भाग आजही अमेरिकेत बनतात. मालकांनी एका बाजूचा सांधा मागवला होता, कारण आवाज एकाच बाजूने येत होता.

खरी गोष्ट पुढे घडली. डावी बाजू झाल्यावर पोराने कोणी न सांगता उजवी बाजूही तपासली. वरचा आर्म आणि बॉडी यांच्यामध्ये लाकडी ठोकळा ठेवला, चाक वर-खाली धरून हलवले, आणि आम्हाला सांध्यावर बोट ठेवायला सांगितले. बोटाला खटका लागला. आवाज नव्हता, पण सांधा गेलेला होता.

संध्याकाळी मालक आले. म्हणाले, “उजवीकडचे नंतर बघू. सामान यायला तीन आठवडे लागतील, माझी फेरी पुढच्या रविवारी आहे. बिलावर लिहा, पुढचे सस्पेन्शन पूर्ण दुरुस्त.” बिलबुक आमच्यापुढे होते आणि पेन आमच्या हातात.

खोटे कशाला बोलावे? आम्ही लिहायला निघालो होतो. त्या महिन्याचा कर्जाचा हप्ता भरायचा होता. आम्ही पोराला बाजूला घेऊन म्हणालो, “अरे, गाडी त्यांची, जबाबदारी त्यांची. एका फेरीने काय होते? मोठे गिऱ्हाईक आहे, तोडू नकोस.”

तो म्हणाला, “काका, हा सांधा चालत्या गाडीत निसटला तर चाक आडवे होते, गाडी नाकावर बसते, स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे. तेव्हा समोर कोण असेल? फूटपाथवर आपलीच माणसे असतात. लिहायचे तर खरे लिहा, नाहीतर बिलबुक इकडे द्या.”

आमची मान खाली गेली. मालकांना मात्र तो अदबीने म्हणाला, “साहेब, गाडी तुमची आहे, मी अडवणार नाही. टोइंगची गाडी बोलावून देतो, घरी न्या. पण चालवायला योग्य आहे असे मी लिहून देणार नाही.” मग त्याने डावीकडचा काढलेला सांधा त्यांच्या एका हातात दिला आणि गॅरेजमध्ये पडलेला दुसऱ्या गाडीचा कोरा सांधा दुसऱ्या हातात. नव्याची दांडी बोटांनी हलेना. जुन्याची मेलेल्या माणसाच्या मानेसारखी लुळी पडली. मालक रागावले होतेच, पण गप्प झाले. गाडी तिथेच राहिली. बिलावर आम्ही लिहिले : ‘डावी बाजू केली. उजवीकडचा वरचा बॉल जॉइंट बाद. बदलल्याशिवाय चालवू नये.’

याचा शेवट फार गोड झाला असे नाही. मालकांची फेरी हुकली. महिन्याभराने उजवी बाजूही झाली, अलाइनमेंट झाले, गाडी गेली. मजुरीचे निम्मे पैसे अजून यायचे आहेत. हप्ता उशिरा गेला आणि दंड भरावा लागला. ती दंडाची रक्कम आम्ही स्वतःच्या हाताने वहीत मांडली. इतकी वर्षे जमाखर्च लिहितो आहोत, पण खर्चाच्या बाजूला लिहिताना अभिमान वाटावा असा आकडा तो पहिलाच.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळले. आपल्या मुलांना तांत्रिक शिक्षण मिळावे हा त्यांचा आग्रह होता. आता पोरे शिकली आहेत, त्यांच्या हातात हुन्नर आहे. पण हुन्नरासोबत शीलही आले की नाही, हे न दिसणाऱ्या जागीच कळते. गिऱ्हाईक गाडीचा रंग पाहते. चाकाआडचा सांधा फक्त कारागिराला दिसतो. तिथे तो खरा वागला तर ती सम्यक आजीविका. कारकुनाच्या कागदातही असा एक न दिसणारा सांधा असतो, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

ज्यांच्या घरी टॅक्सी आहे, टेम्पो आहे, जुनी मारुती आहे, त्यांनी एवढे करावे. खड्ड्यात टकटक ऐकू आली, स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागले किंवा टायर एकाच कडेने झिजला, तर लिंबू बांधू नका, कारण शोधा. एक बाजू खराब निघाली तर दुसरीही तपासून घ्या. आणि मेकॅनिक “गाडी चालवू नका” म्हणाला तर त्याच्यावर रागावू नका. तो स्वतःचे नुकसान करून तुमचे लेकरू वाचवीत असतो.

जयभीम!