कळविण्यात येते की...

गेल्या वर्षी आमच्या आत्याच्या हाती बेळगावातल्या एका पतसंस्थेचे पत्र पडले. 'आपण जामीन असलेल्या कर्जखात्याचा विहित मुदतीत भरणा न झाल्यास उचित कार्यवाही करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.' किती पैसे? कोणत्या तारखेपर्यंत? कार्यवाही कोणावर? शेजारच्या कन्नड मास्तरांनी 'काय लिहिलंय?' म्हणून विचारले, तर आम्हांला सांगता येईना. आणि आपण मात्र पत्र मराठीत आले यातच कृतार्थ!

दोष जड शब्दांचा नाही, कर्ता पळून जाण्याचा आहे. 'करण्यात येईल' म्हटले की करणारा दिसत नाही आणि ज्याच्यावर करायचे तोही दिसत नाही. 1872 च्या करार कायद्याच्या 128 व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदार कर्जदाराइतकाच देणेकरी असतो. नेमकी हीच गोष्ट पत्राने गिळली. लिहायचे होते एवढेच : 'तुमच्या दिरांचे तीन हप्ते, 8,400 रुपये, थकले आहेत. 15 तारखेपर्यंत भरले नाहीत तर आम्ही ते तुमच्याकडून वसूल करू.' कडू खरे. पण बांगड्या मोडायच्या की दिराला जाब विचारायचा, हे आत्याला त्याच दिवशी ठरवता आले असते.

आम्ही उलट टपाली रक्कम विचारली. उत्तर आले, 'आपला अर्ज पुढील कार्यवाहीस्तव वर्ग करण्यात आला आहे.' शेवटी काउंटरवरच्या पोऱ्याने आकडा पावतीच्या पाठीवर लिहून दिला. तारखेसकट.