हा धूर कोणाच्या हुकमाने?

दिवेलागणीला मीठबंदर रोडच्या अंगाने डासांसाठी धूर सोडणाऱ्या गाडीची घरघर ऐकू येते आणि ठाण्याच्या कोपरीत घरोघरी खिडक्या धाडधाड लागतात. दोरीवरचे कपडे आत, बाळाचा पाळणा आत, दमेकरी आजोबांचा पंप उशाशी. डिझेलच्या वासाचा पांढरा लोट तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो, झाडांच्या शेंड्यांत घुसतो आणि पोरे त्याच्यामागे नाचत पळतात. गाडीवरच्या माणसाच्या तोंडाला फडके बांधलेले असते. टाकीत कोणते औषध आहे, त्याला सांगता येत नाही. कोणी पाठवले, तेही त्याला ठाऊक नसते. म्हणून आम्ही आज चव्हाट्यावर विचारतो आहोत: हा धूर कोणाच्या हुकमाने?

अशाच एका संध्याकाळनंतर उजाडता उजाडता आम्ही एका रेन ट्रीखाली गेलो. खाली लावलेल्या स्कूटरची सीट पाहण्यासारखी होती. सात ढालकिडे पाय वर करून पडलेले. हिरव्या काचेच्या पंखांचा एक क्रायसोपा किडा. आणि त्यांच्या मध्ये, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा, उडी मारणारा एक कोळी. आठही पाय पोटाशी आवळलेले, पुढचे दोन मोठे डोळे मात्र अजून काळेभोर, चकचकीत. वर मान केली तर फांदीच्या खालच्या बाजूला पिठ्या ढेकणांचे पांढरे पुंजके जसेच्या तसे बसलेले. त्यांच्या अंगातून गळणाऱ्या गोड चिकट्याने सीट बोटाला ओढत होती. सीटवरचे मेलेले जीव त्या झाडाचे राखणदार होते. ज्यांना मारायला हवे होते, ते वर रस शोषत होते.

असे का होते, हे समजायला फार मोठी विद्या लागत नाही. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाचा थर असतो, त्याची अंडी कापसासारख्या थैलीत असतात. धुराचा बारीक थेंब तिथवर पोचत नाही. ढालकिडा उघड्यावर फिरतो, कोळी उघड्यावर दबा धरतो, परजीवी गांधीलमाशी तर जेमतेम मिलिमीटरभर असते. विष आधी त्यांनाच गाठते. मग पिठ्या ढेकणाची मादी शेकडो अंडी घालते आणि महिना-सव्वा महिन्यात नवी पिढी उभी करते. कोळ्याला तेवढ्यासाठी कित्येक महिने लागतात. दर पंधरा दिवसांनी धूर मारला, तर कोळ्याची पुढची पिढी येणार कधी? गेल्या पंधरा वर्षांत मुंबईत रेन ट्री उभेच्या उभे वाळले. मुळाशी सिमेंट, अंगावर पिठ्या ढेकूण, आणि ढेकूण खाणाऱ्यांवर विष: झाडाने जगायचे कशाच्या बळावर?

बरे, निदान डास तरी मरतो का? डेंगीचा एडिस डास दिवसा चावतो. तो पलंगाखाली, पडद्यामागे, टांगलेल्या कपड्यांच्या घडीत बसतो. म्हणजे ज्या खिडक्या आपण धुराला घाबरून लावून घेतो, त्यांच्या आत. धूर फक्त हवेत उडणाऱ्या आणि थेंब अंगाला लागलेल्या डासाला मारतो, आणि तासाभरात विरतो. कुंडीखालच्या ताटलीतल्या, फ्रिजमागच्या तबकातल्या, गच्चीवरच्या टायरातल्या अळीला त्याचा स्पर्शही होत नाही. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि सुकलेली अंडी महिनोन्‌महिने तग धरून पाण्याची वाट पाहतात. साथ उसळली असेल तेव्हाच धूर मारावा, एरवी पाण्याचे साठे शोधून नष्ट करावेत, असे देशाचा डास-नियंत्रण कार्यक्रमच सांगतो. तरीही धुराची गाडी फिरते, कारण ती दिसते. घरोघर जाऊन ताटल्या उपड्या करणारी आरोग्यसेविका कोणाच्या फलकावर झळकत नाही. डेंगीने घरातले माणूस गेलेली कुटुंबे आमच्या ओळखीची आहेत. त्यांच्या दुःखाच्या नावावर हा देखावा चालावा, याचा आम्हाला संताप येतो.

आणि आता ज्या गोष्टीने आमचे रक्त उसळते ती सांगतो. 2021 मध्ये ठाणे-कल्याण परिसरातल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याची विज्ञानात नवी जात म्हणून नोंद झाली. संशोधकांनी तिला नाव दिले आयशियस तुकारामी. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना ज्यांनी दहशतवादी कसाबच्या रायफलीची नळी धरली, गोळ्या झेलल्या आणि सोडली नाही, त्या सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांचे हे नाव. अशोकचक्राच्या त्या मानकऱ्याची आठवण आपल्याच मातीतल्या एका जिवाच्या अंगावर कायमची कोरली गेली. साऱ्या जगाच्या ग्रंथांत ठाणे-कल्याणचा हा मान आहे. त्याच मातीत त्या कोळ्याच्या भाऊबंदांवर आपण संध्याकाळी डिझेलात कालवलेले विष सोडतो. ज्यांना आपल्या भूमीच्या मानाची ही गोष्ट ठाऊकसुद्धा नाही, त्यांच्या हाती धुराची नळी का असावी?

उडी मारणारा कोळी शिकारीसाठी जाळे विणत नाही. तो दिवसाउजेडी पाहून, अंतर जोखून, मागे धाग्याचा दोर बांधून झेप घेतो. माशी, तुडतुडा, डास, जे आवाक्यात येईल ते खातो. जगातले सारे कोळी मिळून वर्षाला 40 ते 80 कोटी टन भक्ष्य, बहुतेक कीटकच, फस्त करतात, असा अंदाज 2017 मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला. शेजारी चेंदणीचा कोळीवाडा आहे; खाडीत जाळे टाकून पोट भरणाऱ्यांना आणि झाडावर जाळे विणणाऱ्या त्याच्या भाऊबंदांना आपल्या भाषेने एकच नाव दिले. पूर्वजांना दोघांचे कसब दिसत होते.

राखणदार मारले की कीड माजते, हा धडा फळबागांनी आपल्या आधी आणि फार महागात गिरवला आहे. 2008 मध्ये कोइमतूरकडे पपईवर परदेशी पिठ्या ढेकूण सापडला आणि बघता बघता तो अनेक राज्यांत पसरला. शेतकऱ्यांनी औषधामागून औषध मारले, बागा पांढऱ्याच राहिल्या. 2010 मध्ये बेंगळुरूच्या एका राष्ट्रीय संस्थेने पोर्तो रिकोहून त्या ढेकणाच्या पोटात अंडी घालणारी गांधीलमाशी आणली. डोळ्यांना धड न दिसणाऱ्या त्या माशीने काही महिन्यांत जे केले, ते फवाऱ्यांना जमले नव्हते. आमच्या कोकणातला हापूस पाहा. तुडतुड्यांसाठी मोहोरावर फवारण्या झाल्या, आणि आज बागायतदार फुलकिड्यांच्या नावाने कपाळाला हात लावून बसला आहे. 1 मे 2014 पासून युरोपने फळमाशीपायी आपला आंबा काही महिने दारातूनच परत पाठवला होता; त्या माशीवर नेमका उपाय म्हणजे नराला वासाने ओढून घेणारा साधा सापळा, ज्यात बाकीच्या बागेला विषाचा थेंबही लागत नाही. ज्याला मारायचे त्याचीच वाट धरणे, याला शहाणपण म्हणतात. सरसकट धूर सोडणे म्हणजे एका चोरासाठी गाव जाळणे.

इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुड्यांची धाड आली तेव्हा फवारण्या वाढवल्या तसतसे तुडतुडे वाढत गेले, कारण त्यांना खाणारे कोळी आधीच मेले होते. 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी एका हुकमाने भातावरची 57 कीटकनाशके बंद केली. तो हुकूमशहा होता, आम्ही त्याचे भाट नाही. पण कोळ्याची किंमत त्याला कळली, आणि लोकांनी निवडून दिलेल्यांना कळत नाही, हे कसे सोसायचे?

इतके दूर तरी कशाला जा. कोपरीतून पायी खाडीकडे उतरा. पावसाळा सरता सरता कधी कधी तिवरांचे रान करपल्यासारखे दिसते. सागाची पाने खाणारी अळीच तिवरांवर तुटून पडते आणि पानांच्या नुसत्या शिरा उरतात. दर वेळी कोणी तरी ओरडतो, औषध मारा. चिखलात गाडी जात नाही, हे तिवरांचे नशीब. पक्ष्यांचे थवे उतरतात, माश्या अळ्यांत अंडी घालतात, आणि काही आठवड्यांत तिवरे पुन्हा हिरवी होतात. धुराच्या हाताबाहेर राहिलेले झाड सावरते, आणि रस्त्याकडेचे वाळते.

रस्त्याकडेच्या झाडांचा छळ धुरावरच थांबत नाही. त्यांना गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळांबद्दल एवढेच: 2024 मध्ये हा प्रश्न जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला, आणि ठाणेकरानेच तो नेला. रात्रभर पेटलेल्या खोडावर निशाचर कीटक दिव्याभोवती फिरून फिरून मरतो. खोडाला चिकटून ओतलेले सिमेंटही झाडाला इजाच करते. 1975 च्या आपल्या झाडांच्या कायद्यात झाड तोडणे म्हणजे नुसती कुऱ्हाड नव्हे. ते जाळणे, कोणत्याही रीतीने त्याला इजा करणे, हेही तोडणेच आहे. ज्यांनी बुंध्याशी काँक्रीट ओतले त्यांनी कायदा वाचला नसेल, तर आता वाचावा.

आमचे मागणे स्पष्ट आहे. साथ जाहीर झाल्याशिवाय आणि आरोग्य अधिकाऱ्याच्या लेखी हुकमाशिवाय कोपरीत उघड्यावर एक मिनिटही धूर सोडता कामा नये. सोडायचाच झाला तर औषधाचे नाव, प्रमाण आणि वेळ आदल्या दिवशी चौकात लावा. दमेकऱ्याला, तान्ह्या बाळाच्या आईला ते कळण्याचा हक्क आहे. धुराचा पैसा घरोघर पाणी तपासणाऱ्या बायकांच्या पगारात घाला. पिठ्या ढेकणाने भरलेल्या फांद्या छाटून बंद पिशवीतून न्या, उरलेल्या झाडावर जोराचा साधा पाण्याचा फवारा मारा, ढालकिडे आणून सोडा. ऑस्ट्रेलियाचा पिठ्या ढेकूण खाणारा ढालकिडा या देशात 1898 पासून आहे. सव्वाशे वर्षांत आपल्या शहरांना तो दिसला नाही! बुंध्याभोवती एक मीटर माती मोकळी करा, गळलेली पाने तिथेच राहू द्या, जाळू नका.

यातले काहीही उद्या सकाळी सुरू करता येते. निविदा लागत नाही, उद्घाटनाची फीत लागत नाही.

गाडी पुन्हा येईल. त्या संध्याकाळी आम्ही खिडकी लावणार नाही, त्याच रेन ट्रीखाली उभे राहू. गाडीवरच्या माणसाशी आमचे भांडण नाही. त्या बिचाऱ्याला ना मुखपट्टी दिली आहे ना हातमोजे; सगळ्यांत जास्त विष त्याच्याच छातीत जाते. त्याला बाजूला बसवू, पाणी देऊ, आणि ज्याने पाठवले त्याला तिथेच बोलावून हुकमाचा कागद मागू. कागद दाखवल्याशिवाय नळी झाडाकडे वळू देणार नाही.