अंग बाहेर येणं म्हणजे बाईचं नशीब नव्हे

आमगाव तालुक्यात रोवणी सुरू झाली की बाया सकाळपासून चिखलात वाकलेल्या असतात. खोकला आला, हसू आलं, पऱ्ह्यांचा भारा उचलला की थोडी लघवी निसटते. कुणाला खाली जडपणा वाटतो, कुणाचं ‘अंग बाहेर येतं’. घरी विचारलं तर सासूचं उत्तर ठरलेलं: ‘लेकरं झाली की असं होतेच.’

हे उत्तर चुकीचं आहे. त्रास सर्रास आढळतो, म्हणून तो सोसायचाच असा त्याचा अर्थ होत नाही.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची झोळी ताणलेली असते. तिलाच पेल्विक फ्लोअर म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर तोललेले असतात. लघवीची नळी, योनीमार्ग आणि गुदमार्ग याच झोळीतून बाहेर पडतात. म्हणून तिला दोन उलटी कामं करावी लागतात: एरवी वाटा आवळून धरायच्या आणि वेळ आली की सैल सोडायच्या. खोकताना, शिंकताना पोटातला दाब एकदम खाली येतो. त्याच क्षणी हे स्नायू आवळले गेले नाहीत तर लघवी निसटते.

बाळंतपणात यातले काही स्नायू मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणले जातात. त्यांना सावरायला वेळ लागतो. त्याआधीच पाण्याची गुंडी, धानाचं पोतं उचललं तर झोळी आणखी सैल पडते. जुना खोकला आणि बद्धकोष्ठ यांचाही हातभार असतोच.

१९८९ साली डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी शेजारच्या गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. त्यांपैकी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. त्यात जंतुसंसर्गाचा वाटा मोठा होता, पण न बोलण्याचा आजार सगळ्यांना सारखाच.

उपाय महाग नाही. अमेरिकेतले डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली या स्नायूंचा व्यायाम मांडला. आपल्याकडच्या मूलबंधाशी त्याचं नातं जवळचं. वायू रोखताना जे स्नायू आवळतो तेच आत, वर ओढायचे, काही सेकंद धरायचे आणि पूर्ण सैल सोडायचे. श्वास रोखायचा नाही. एका वेळी आठ-दहा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी करताना मध्येच थांबवून हा व्यायाम करू नये, ती सवय त्रासदायक ठरते. खूप बाहेर आलेलं अंग नुसत्या व्यायामाने आत जात नाही. त्यासाठी डॉक्टरांकडे रिंग आहे, शस्त्रक्रिया आहे.

दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात. बाळाचं वजन, ताप सगळं बघतात. तिथे बाळाच्या आईला एक प्रश्न विचारायला दोन मिनिटंही लागणार नाहीत: ‘खोकताना लघवी निसटते का, खाली काही आल्यासारखं वाटते का?’ हा प्रश्न त्यांच्या नोंदवहीत छापीलच हवा. सासू समोर बसलेली असली तरी विचारावा, कारण बहुधा तिलाही तोच त्रास असतो.