डॉल्बीचा शिक्का पुरेसा नाही

जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर स्ट्रीमिंग बॉक्स घ्यायला गेलं, की खोक्यावर 'फोर-के' आणि 'डॉल्बी' ठळक दिसतं. पण ध्वनीचा कोणता प्रकार हा बॉक्स स्वतः न उलगडता जसाच्या तसा रिसीव्हरकडे सोडतो, म्हणजे पासथ्रू कशाकशाचा होतो, ते सहसा छापलेलं नसतं. ते छापणं कंपन्यांना बंधनकारक व्हायला हवं. ५.१ ध्वनीत सहा वाटा असतात: समोर तीन, मागे दोन, एक खर्जाची. संवाद मुख्यतः समोरच्या मधल्या स्पीकरमधून येतात. पासथ्रू झाला तर रिसीव्हरच्या काचेवर 'डॉल्बी डिजिटल' उमटतं. तो झाला नाही तर बऱ्याचदा नुसतं 'पीसीएम', म्हणजे बॉक्सनेच उलगडलेला ध्वनी, दिसतं आणि सहाच्या दोन वाटा होतात. मग संवाद ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवायचा आणि गाणं लागलं की कमी करायला धावायचं. 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. एवढ्या मेहनतीचं काम घरी येऊन असं चेपलं जावं, याचं वाईट वाटतं.

घरी ५.१ ऐकणारे असे किती, असं कुणी विचारेल. पण मागच्या स्पीकरसह साउंडबार आता हप्त्यावरही मिळतो, आणि पैसे मोजणाऱ्याला माहितीचा हक्क आहेच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वस्तूचा दर्जा आणि मानक कळण्याचा हक्क देतो. ओटीटीवरचा ध्वनी बहुतेक डॉल्बी डिजिटल प्लस असतो आणि तो टीव्हीतून रिसीव्हरकडे ध्वनी नेणाऱ्या साध्या एआरसी जोडणीनेही जातो, हा आक्षेप मात्र खरा आहे. तरीही बॉक्सनेच तो सोडला नाही तर जोडणी काय करणार? शिवाय डिस्कवरच्या ट्रूएचडी ध्वनीला टीव्हीतून जायला एआरसीची सुधारित आवृत्ती, ईएआरसी, लागते. डीटीएस या दुसऱ्या ध्वनिप्रकाराचं तर टीव्हीगणिक वेगळं: सॅमसंगने २०१८च्या टीव्हींतून ते काढलं, एलजीने २०२३मध्ये परत आणलं. अपडेटनंतर यादी बदलते म्हणावं, तर खोक्यावर क्यूआर कोड देऊन ती ताजी ठेवता येते. अशी सक्ती नवीही नाही: सोन्याच्या हॉलमार्क दागिन्यावर १ एप्रिल २०२३पासून एचयूआयडी हा ओळख क्रमांक सक्तीचा झाला. सराफांनी आधी विरोध केला होता, तरी तो लागू झालाच. इथे तर चार ओळी छापायच्या आहेत. त्या नसल्याने चोपड्याहून, शिरपूरहून आलेलं गिऱ्हाईक बॉक्स परत घेऊन येतं आणि बोलणी दुकानदार खातो. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं ठरवलं, तरी दाखवायला हातात छापील शब्द नसतो.