मणका मोडलेल्यांची मोजदाद

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल अगदी एककापर्यंत सांगतो. त्या जखमींपैकी कितींचा मज्जारज्जू कायमचा निकामी झाला, हे मात्र त्यातून कळत नाही. झाडावरून, गच्चीवरून किंवा बांधकामाच्या परांचीवरून पडलेले तर त्या हिशेबातच नाहीत. आपल्याकडच्या रुग्णालयांतील अभ्यासांत मात्र उंचावरून पडणे हे या दुखापतीचे एक प्रमुख कारण म्हणून वारंवार पुढे आले आहे.

या रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही हवी म्हटले, की पहिला सवाल ठरलेला असतो: व्हीलचेअरला पैसे नाहीत, तिथे वह्या कसल्या भरता?

वाक्य टाळ्या घेणारे आहे, पण फसवे. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून अशा रुग्णांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला जातो. एके काळी त्यांचा जीव प्रामुख्याने मूत्रपिंडे निकामी होऊन जाई. लघवीची निगा सुधारली तसे ते मृत्यू घटले. आता न्यूमोनिया आणि रक्तातील जंतुसंसर्ग आघाडीवर आहेत. पैसा कॅथेटरवर खर्चावा की श्वसनाच्या व्यायामांवर, हे अशा नोंदींवरूनच ठरते. आपल्याकडे रुग्ण घरी गेला, की त्याला बेडसोर झाला की तो कामाला लागला, याची खबर कोणत्याही सरकारी कागदावर येत नाही.

दुसरा युक्तिवाद अपंगत्वाच्या ओळखपत्राचा: ते असताना वेगळी नोंदवही कशाला? २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. मज्जारज्जूची दुखापत त्यांत स्वतंत्रपणे नाही. पोलिओने एक पाय अधू झालेला आणि मान मोडून हातपाय लुळे पडलेला, दोघांची गणना अस्थिव्यंगातच. शिवाय कार्ड टक्केवारी सांगते, पुढचे आयुष्य नाही.

खासगीपणाची शंका मात्र रास्त आहे. कॅनडात २००४ साली व्हँकुव्हरमध्ये सुरू झालेल्या रिक हॅन्सन नोंदवहीने तिच्यावर तोडगा काढला: सविस्तर माहिती संमतीनेच, आणि संमती नसेल तर ओळख न पटणारी मोजकीच नोंद. तेवढी शिस्त आपल्यालाही अशक्य नाही.

राहता राहिला सर्वांत लाडका आक्षेप: हे श्रीमंत देशांचे चोचले, आपल्या खेड्यापाड्यांत जमायचे नाही. असे म्हणणाऱ्यांनी एकदा बार्शीला जाऊन यावे. तिथे १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावे तिने हाती घेतली. रुग्ण रुग्णालयात येईल तेव्हा लिहू, असे म्हणून कार्यकर्ते बसले नाहीत. ते गावोगाव फिरले, लक्षणे समजावत, संशयितांना तपासणीला धाडत गेले. परिणामी गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यात सापडू लागला. पुढे शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ महिलांवर तपासणी-पद्धतींची चाचणी झाली. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हा तिचा निष्कर्ष २००९ साली जगासमोर आला. ज्याला कोरडी आकडेमोड म्हणून हिणवले जाते, तिच्या पायावर इतके उभे राहू शकते.

मणक्यासाठी सुरुवात याहून लहान असली तरी चालेल. दुखापत कशाने झाली, कोणत्या मणक्यापाशी, डॉक्टर वापरतात त्या ए ते ई प्रतवारीत किती गंभीर, रुग्णालय गाठायला किती तास लागले, एवढे दाखल करतानाच लिहावे. नंतर वर्षातून एकदा फोन: जखम आहे का, लघवीची निगा कशी, काम मिळाले का. दिल्लीचे इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर किंवा खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र यांच्यासारख्या संस्थांचा अनुभव हाताशी आहे. खरी अडचण सक्ती नसण्याची आहे. स्वेच्छेवर सोडलेली नोंद मोठ्या शहरांतल्या उत्साही डॉक्टरांपुरतीच उरते.

म्हणून कर्करोगाच्या नोंदणीचे जाळे चालवणाऱ्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे हे काम निधीसह सोपवावे. महाराष्ट्राने तोवर हात बांधून बसू नये: प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मज्जारज्जूच्या दुखापतीची नोंद बंधनकारक करावी आणि वर्षभर मागोवा घेणारा एक तरी माणूस पगारावर नेमावा.