सावली मोजणारी मुलगी



उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की पालक आमच्याकडे एकच तक्रार घेऊन येतात. मुलगा दिवसभर उनाडतो, त्याला कोठे गुंतवावे? मुलींविषयी अशी तक्रार सहसा येत नाही, कारण मुलीला सुट्टी नसतेच. शाळा बंद झाली की पाणी भरणे, धुणीभांडी, धाकटी भावंडे आणि लग्नसराई तिच्या वाट्याला येते. म्हणून या खेपेस आम्ही एका मुलीच्या सुट्टीतल्या एका आठवड्याची हकिकत सांगणार आहोत.

मावळ तालुक्यात तळेगाव दाभाड्याजवळ आंबी हे गाव आहे. इंद्रायणीचा पूल ओलांडला की गाव लागते आणि पुढे एमआयडीसी सुरू होते. तेथे आमच्या परिचयाचे एक बौद्ध कुटुंब राहते. वडील कारखान्यात कंत्राटी कामगार. आई गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये फुले तोडायला जाते. मुलगी दापोडीला मावशीकडे राहून शिकत होती. आईच्या विनंतीवरून आम्ही कोणाचेच नाव देत नाही. काही वर्षांपूर्वी आठवीची परीक्षा देऊन मुलगी सुट्टीला घरी आली आणि पाठोपाठ शाळेतून फोन आला. मे महिन्यात एक आठवडा पुण्याच्या ‘आयुका’त जाण्यासाठी तिचे नाव पाठवले होते.

‘आयुका’ म्हणजे पुणे विद्यापीठाच्या आवारातील खगोलशास्त्राची संस्था. ती १९८८ साली स्थापन झाली आणि डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक होते. नारळीकर सरांचे २०२५ साली निधन झाले. परंतु शाळकरी मुलांना शास्त्रज्ञांजवळ बसता यावे ही त्यांची तळमळ त्या संस्थेत रुजली. त्यातूनच १९९०च्या दशकात सुट्टीतला हा उपक्रम सुरू झाला. मुलांनी आठवडाभर यायचे, एका मार्गदर्शकाबरोबर एक विषय धरायचा आणि शेवटी काय केले ते लिहून काढायचे. ठरलेला अभ्यासक्रम नाही आणि परीक्षाही नाही.

घरात वाद झाला. त्याच आठवड्यात भावकीत हळद होती. सुट्टीत मुलगी आईबरोबर कामावर गेली असती तर चार पैसे आले असते. चुलते गवंडीकाम करतात. ते म्हणाले, “चांदण्या मोजून पोट भरतं का?” वडील गप्प बसले. निर्णय आईने घेतला. ती स्वतः चौथीपर्यंत शिकलेली. ती एवढेच म्हणाली, “हळदी दरसाल होतात. हिला बोलावणं पहिल्यांदा आलंय.”

आता त्या आठवड्यातला दिवस कसा जाई ते सांगतो. मुलगी पहाटे पाचला उठे. पाणी भरून, आईबरोबर भाकरी करून डबा बांधी. वडील मोटारसायकलवरून तळेगाव स्टेशनला सोडत. पुढे लोकल. पहिल्या दिवशी आई शिवाजीनगरपर्यंत बरोबर गेली. दुसऱ्या दिवसापासून मुलगी एकटी जाऊ लागली. वाटेत देहूरोड लागते. याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आपल्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना केली. गाडी तेथे थांबली की मुलगी हात जोडी. शिवाजीनगरहून बसने विद्यापीठ.

आत गेल्यावर पहिल्या दिवशी तिला काहीच बोलता आले नाही. आवारात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. ते पाहून ती जास्तच दबली. गटात पाच मुले होती. दोघे फाडफाड इंग्रजी बोलत. हिला शाळेत एकदा प्रश्न विचारल्यावर “धड्यात आहे तेवढंच विचार” असे ऐकावे लागले होते, तेव्हापासून ती वर्गात तोंड उघडत नसे. मार्गदर्शक म्हणून संशोधन करणारा एक तरुण होता. त्याने मराठीतच विचारले, “दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर असतो का?” सगळे हो म्हणाले. तो म्हणाला, “चला, बघू.”

पाच मुलांनी उन्हात एक काठी उभी केली. पावणेबारापासून सव्वा वाजेपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीचे टोक खडूने टिपले. सर्वांत आखूड सावली बाराला पडली नाही, साडेबाराच्या सुमारास पडली. असे का? प्रश्न हिनेच विचारला, आणि कोणी हसले नाही. उत्तर मिळाले की आपले घड्याळ सगळ्या देशासाठी एक आहे, ते उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशावर लावलेले आहे. पुणे त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून सूर्य आपल्याकडे अर्धा तास उशिराने माथ्यावर येतो. इतकी वर्षे घड्याळात बारा पाहून आपण सूर्य माथ्यावर आला असे समजत होतो!

मग दुपारी झाडाखाली डबा. त्यानंतर ग्रंथालय, आकडेमोड, नकाशे. पाचला बाहेर पडून घरी पोहोचायला दिवेलागण होई. विहारात वंदना करून मुलगी दिव्याखाली बसून त्या दिवशीचे लिहून काढी. डोळे मिटू लागले की आई म्हणे, “उद्या लिही.” ती म्हणे, “उद्या उद्याचं आहे.”

त्याच आठवड्यात एक मौज होती. सूर्य २१ जूनपर्यंत रोज थोडा थोडा उत्तरेकडे सरकतो. जाता जाता तो एके दिवशी बरोबर आपल्या माथ्यावर येतो. त्या दिवशी उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. पुण्यात तो १३ मेच्या आसपास येतो. आंबी थोडे उत्तरेला, म्हणून तेथे साधारण १४ मेला. नागपूरला तो मेच्या शेवटच्या आठवड्यात. मुलीचे मामा रेल्वेत, बदलीने नागपूरला. तिने मामेभावाला फोन करून सांगितले की १४ तारखेला एक मीटरची नळी उभी कर आणि दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी सावली मोज. आंबीची जबाबदारी आईवर टाकली, कारण मुलगी स्वतः त्या वेळी पुण्यात असणार होती.

आईने अर्ध्या दिवसाचा खाडा केला. अंगणात नळी उभी करायला आले कोण? तेच चुलते! “नळी तिरपी असली तर सगळं वाया जाईल,” असे म्हणून त्यांनी आपला ओळंबा आणला आणि दोन्ही बाजूंनी धरून नळी सरळ केली. साडेबाराच्या सुमारास आईचा फोन गेला, “सावलीच दिसंना झालीय गं. नळीच्या बुडाशी गेली बघ.”

नागपूरच्या नळीची सावली चार सेंटिमीटरहून किंचित जास्त भरली. शंभर सेंटिमीटरच्या नळीला एवढी सावली म्हणजे सूर्यकिरणांचा कल सुमारे २.४ अंश. आंबीत तो शून्य होता. म्हणजे दोन गावांत पृथ्वीच्या गोलाईचा फरक २.४ अंशांचा. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचे, म्हणजे त्याच्या दीडशे पट. आंबी आणि नागपूर यांतले उत्तर-दक्षिण अंतर (रस्त्याचे नव्हे) मुलांनी नकाशावर मोजले. ते सुमारे २६५ किलोमीटर आले. त्याची दीडशे पट केली तर ३९,७५० किलोमीटर. पृथ्वीचा घेर आहे सुमारे ४०,००० किलोमीटर! बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये इरॅटोस्थेनिस या विद्वानाने अशाच रीतीने सावलीवरून पृथ्वी मोजली होती. शेवटच्या दिवशी सर्वांसमोर उभे राहून हे सारे मराठीतून सांगितले ते आंबीच्या या मुलीने.

ही हकिकत ऐकताना आम्हाला राहून राहून एक गोष्ट आठवत होती. बाबासाहेबांनी लाहोरच्या न झालेल्या भाषणात, जे १९३६ साली पुस्तकरूपाने निघाले, पेशवाईतील पुण्याचे वर्णन केले आहे. आपल्या पूर्वजांना गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून चालावे लागे. समोरून सवर्ण आला तर रस्त्यावर थांबण्याची सोय नव्हती, कारण आपली सावलीही विटाळाची मानली जाई. त्याच पुण्यात आपली एक लेक भर दुपारी उभी राहते, सावलीकडे मान वर करून नव्हे तर मान खाली घालून पाहते, पण ती लाजेने नव्हे, मोजण्यासाठी. सावलीत विटाळ नसतो. सावलीत कोन असतो आणि त्या कोनात सबंध पृथ्वीचे माप असते. हे तिने कोणाच्या सांगण्यावरून मानले नाही, स्वतः पडताळून घेतले. तथागतांनी कालामांना जो उपदेश केला तो याहून वेगळा काय होता?

एका आठवड्याने कोणी शास्त्रज्ञ होत नाही, हे आम्ही जाणतो. जूनमध्ये तीच शाळा, तीच लोकलची गर्दी. पण मुलगी वर्गात हात वर करू लागली. आज ती बी. एस्सी.ला आहे. आपल्या मुलांत बुद्धी कमी नाही, हे यापूर्वीही दिसले आहे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९८०च्या दशकात मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काम केले. योग्य मार्गदर्शन मिळताच मुले पुढे गेली. पाठ्यपुस्तकाची अवघड भाषा हीच मोठी भिंत असते, हेही त्या केंद्राच्या कामातून पुढे आले.

तेव्हा पालकांनो, आमचे सांगणे एवढेच. बोलावणे घरी चालत येईल म्हणून वाट पाहू नका. फेब्रुवारीतच शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारा की सुट्टीत मुलांसाठी कोठे काय आहे आणि आमच्या मुलाचे, मुलीचे नाव जाईल का. बोलावणे आले तर मुलीला घरकामातून मोकळे करा. सुभेदार रामजी परळच्या एका खोलीत रात्री दोनपर्यंत जागे राहून भीमरावांना अभ्यासाला उठवीत. त्यांच्याकडे पैसा नव्हता. त्यांनी आपली झोप दिली. आंबीच्या आईने अर्ध्या दिवसाची मजुरी दिली.

आणि ज्यांना कोठूनच बोलावणे येत नाही त्यांच्यासाठी आपली विहारे आहेत. सुट्टीत दुपारी विहाराला कुलूप कशाला? कॉलेजात शिकणाऱ्या ताई-दादांनी रोज दोन तास द्यावेत. एक काठी, एक मोजपट्टी, एक वही पुरे. येत्या मे महिन्यात आपापल्या अंगणात नळी उभी करा आणि आपल्या गावाची सावली कोणत्या दिवशी नाहीशी होते ते मुलांना शोधू द्या. गवंडीकाम करणारे काका ओळंबा घेऊन येतीलच.