गाडी कुणाची, फेरी कुणाची?

खंडेनवमीच्या सकाळी कुठल्याही महापालिकेच्या वाहन विभागात डोकावून बघा. आदल्या रात्रीच धुऊनपुसून ठेवलेले कॉम्पॅक्टर, घंटागाड्या, तुंबलेली गटारं मोकळी करणारी जेटिंगची यंत्रं, पाण्याचे टँकर, शववाहिका, भटकी कुत्री पकडायची गाडी. सगळ्यांच्या पुढ्यात झेंडूचे हार, चाकाखाली लिंबू. एरवी ज्या गाडीजवळून आपण नाक दाबून जातो, तिच्यापुढे चालक आणि बिगारी नारळ फोडतात, पेढे वाटतात. बंबवाल्यांची पूजा वेगळी, त्यांच्या केंद्रात. आणि आवारात एका कडेला, झाडाच्या सावलीत, पांढऱ्या मोटारींची रांग असते. महापौर, उपमहापौर, स्थायी समितीचे अध्यक्ष, सभागृह नेते, विरोधी पक्षनेते, मग आयुक्त, अतिरिक्त आयुक्त, खातेप्रमुख. शहराच्या ताफ्यातला हा लहानसा भाग. पण वाहनांचा विषय सभागृहात आला, की चर्चेची गाडी नेमकी या रांगेपाशी येऊन अडते.

त्या चर्चेचं ठरलेलं वळण वर्तमानपत्र वाचणाऱ्याला पाठ असतं. अंदाजपत्रकाच्या सभेत एखादा नगरसेवक इंधनाचा खर्च विचारतो. दुसरा उठून सांगतो की अमुक खात्याची गाडी शाळा सुटायच्या वेळेला फाटकाशी उभी असते. खातेप्रमुख ‘माहिती घेऊन सादर करतो’ म्हणतात. तिसरा विचारतो, पदाधिकाऱ्यांच्या गाड्यांचं काय? इथे आवाज चढतात. मग वाहन वापराचं धोरण ठरवावं अशी उपसूचना येते, ती अभिप्रायासाठी आयुक्तांकडे जाते आणि सवडीने दफ्तरी दाखल होते. पुढच्या वर्षी पुन्हा इंधनाचा खर्च.

मधल्या काळात आपण दिव्यावर भांडून घेतलं. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लाल दिव्याला चाप लावला. राज्यातल्या यादीतून महापौरांचं पद वगळलं गेलं, तेव्हा मुंबईच्या महापौरांच्या गाडीवरचा दिवा काढायचा की ठेवायचा, यावर किती रकाने खर्ची पडले! शेवटी १ मे २०१७ पासून केंद्रानेच मोटार वाहन नियम बदलून पंतप्रधानांपासून सगळ्यांचे दिवे उतरवले. रुग्णवाहिका, बंब आणि पोलीस यांच्यासारख्या तातडीच्या गाड्या तेवढ्या उरल्या. दिवा गेला आणि त्याची जागा काचेमागच्या पाटीने घेतली. जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या खासगी ऑडीवर दिवा आणि ‘महाराष्ट्र शासन’ ही पाटी दोन्ही आढळलं, तेव्हा देशभर गहजब झाला. व्हायलाच हवा होता. पण त्या गदारोळात कुणीही असं विचारलं नाही, की जी वाहनं खरोखरच सरकारी आहेत, पाटी लावायचा ज्यांना पूर्ण हक्क आहे, ती दिवसभर असतात कुठे?

महापौरांची बाजूही सांगायला हवी. मुंबईचा १८८८ चा कायदा घ्या किंवा इतर महापालिकांचा १९४९ चा. कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे. महापौर सभा चालवतात, पाहुण्यांचं स्वागत करतात, शहराचे प्रथम नागरिक म्हणवतात, आणि अडीच वर्षांनी पायउतार होतात. १९९८ मध्ये मुंबईत ‘महापौर परिषदे’चा प्रयोग करून निवडून आलेल्यांच्या हाती कारभार देऊन पाहिला, तो वर्षभरात गुंडाळला. ज्या पदाला सही नाही, त्या पदापाशी मग खुर्ची, दालन आणि गाडी एवढंच उरतं. अशा माणसाकडून गाडी काढून घ्यायला गेलात तर तो भांडणारच. समित्यांची संख्या का वाढत जाते, प्रत्येक समितीच्या अध्यक्षाला दालनाच्या आधी गाडी का हवी असते, याचं उत्तरही इथेच आहे. अधिकार द्यायचे नाहीत आणि मान मात्र भरपूर द्यायचा, ही सोय राज्यकर्त्यांना मानवते. तिचं बिल शहर भरतं.

तरीही नियम पाळता येत नाहीत, हे खोटं आहे. निवडणूक जाहीर होते, आचारसंहिता लागते आणि त्याच दिवशी सगळे पदाधिकारी गाडी जमा करतात. कुणी रिक्षाने घरी जातात, कुणी कार्यकर्त्याच्या दुचाकीवर मागे बसून. छायाचित्रकार हजर असतातच. उपसूचना नाही, अभिप्राय नाही, तहकुबी नाही. वर्षानुवर्षं ‘व्यवहार्य नाही’ म्हणून टाळलेली गोष्ट एका दुपारी उरकते, कारण त्या दिवशी बघणारा बाहेरचा असतो आणि त्याच्या हाती कारवाईचा अधिकार असतो.

इतर दिवशी बघणारं काय असतं? एक वही. लॉगबुक. वाहनवापराचं सगळं नियमन शेवटी या लांबट, कोपरे मुडपलेल्या वहीत येऊन थांबतं. तारीख, सुटायची वेळ, मीटरचं सुरुवातीचं वाचन, शेवटचं वाचन, भरलेलं इंधन, प्रवासाचं कारण, वापरणाऱ्याची सही. रकाने उत्तम आखलेले आहेत; ज्याने कुणी आखले त्याला कारभार कळत होता. आता भरलेली पानं बघा. कारणाच्या रकान्यात ‘स्थळपाहणी’. त्याखाली ‘ – ” – ’. त्याखालीही तेच, पान संपेपर्यंत. कुठल्या स्थळाची पाहणी, ते नाही. महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दाबाने, एका बैठकीत उतरवलेल्या. रोजचे किलोमीटर इतके सारखे, की शहरात एकही रस्ता कधी खोदला गेला नाही असं वाटावं. मीटर बंद असेल तर तोही प्रश्न मिटला, ‘अंदाजे’ लिहायचं. सही साहेबांची, पण ती महिनाअखेरीला, गठ्ठ्याने.

ही वही चालकाच्या ताब्यात असते आणि सगळी गोम इथे आहे. साहेबांनी रविवारी गाडी बाजारात नेली, हे लिहायचं कुणी? ज्याची बदली साहेब करू शकतात त्याने! चालक लिहीत नाही, आणि त्याने लिहावं अशी अपेक्षा धरणारे शहाणे नव्हेत. उद्या चौकशी लागलीच तर वहीतल्या तफावतीचा जाब आधी त्यालाच द्यावा लागतो. आता बऱ्याच गाड्या भाड्याच्या असतात, चालकासकट. महिन्याला ठराविक किलोमीटर, पुढे जादा दर. तिथे चालक ठेकेदाराचा. त्याचा तर आवाजच कुणाच्या खिजगणतीत नाही.

या वहीच्या शेजारी दुसरं एक चित्र ठेवून बघा. कचऱ्याच्या गाड्यांना शहरोशहरी जीपीएस बसलं. गाडी कुठल्या गल्लीत वळली, कुठे किती मिनिटं थांबली, हे नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर दिसतं; फेरी चुकली तर ठेकेदाराला दंड. नागपूर महापालिकेने तर झाडूवाल्यांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. पहाटे रस्ता झाडणारी बाई चहाला कुठे बसली, हे यंत्राला कळतं. ज्या तंत्रज्ञानाने झाडूवालीचं पाऊल मोजलं जातं, ते पांढऱ्या मोटारीपाशी आल्यावर एकदम ‘खर्चिक’ होतं, ‘सुरक्षेच्या दृष्टीने अयोग्य’ होतं. संपादक म्हणून शब्द जपून वापरायची सवय आहे, पण याला निलाजरेपणा हाच शब्द आहे.

दुसरीकडे, गाडी संध्याकाळी डेपोत लावलीच पाहिजे, घरी नेता कामा नये, असा सरसकट दंडक काढणारेही मला पटत नाहीत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढा घराघरांत शिरला. अशा रात्री आपत्ती व्यवस्थापनाचा किंवा पाणीपुरवठ्याचा अभियंता रिक्षा शोधत हिंडावा, असं कुणाला वाटेल? काही पदांना गाडी दारात हवी. काहींना मुळीच नको. दिवसभर टेबलाशी बसणाऱ्या खात्याला महिन्यातून चार फेऱ्यांपुरती सामाईक गाडी पुरे. पद पाहून नव्हे, काम पाहून हे ठरवावं लागेल, आणि तिथेच घोडं अडतं, कारण मग अमक्याला आहे आणि तमक्याला नाही हे सांगावं लागतं. खासगी वापर तर होणारच. मूल आजारी पडतं, म्हातारी आई दवाखान्यात न्यावी लागते. त्याला किलोमीटरमागे दर लावावा, पगारातून वळता करावा, विषय संपला. लालबहादूर शास्त्रींनी मुलाने सरकारी मोटार फिरवली म्हणून त्या अंतराचे पैसे भरल्याची गोष्ट आपले पुढारी जयंतीच्या भाषणात न चुकता सांगतात. ती ऐकून टाळ्या वाजवायच्या आणि सभेनंतर मनपाच्या गाडीने घरी जायचं, एवढं नको.

ताफा बदलतो आहे, म्हणून हे आत्ताच करायला हवं. १५ वर्षं झालेल्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचं नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झालं, आणि त्यात महापालिका-पंचायतींच्या गाड्याही आल्या. राज्याच्या २०२१ च्या धोरणाने नव्या सरकारी गाड्या विजेवरच्या घ्यायचं ठरवलं. त्यांच्या पोटात प्रवासाची नोंद आपसूक होत असते. ती मागायची कुणी, एवढाच प्रश्न.

एरवी उत्तर सोपं होतं: सभागृहाने. पण मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, ठाणे इथल्या नगरसेवकांची मुदत संपली, प्रशासक आले आणि निवडणुका वर्षांमागून वर्षं, जानेवारी २०२६ पर्यंत, लांबत गेल्या. ज्याच्या गाड्या, तोच त्यांचा हिशेब तपासणार अशी अवस्था झाली. सभागृहातली ती ठरीव भांडणं कितीही पोकळ असोत, इंधनाचा खर्च निदान मोठ्याने विचारला तरी जात होता. तेही त्या काळात बंद पडलं.

नागरिकांना मात्र कुणाच्या मुदतीची वाट पाहावी लागत नाही. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात महापालिकेची कागदपत्रं अर्ज न करता पाहू देण्याची प्रथा पुण्यात आधीच सुरू झाली होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढून ती स्थानिक स्वराज्य संस्थांना आणि जिल्हा पातळीपर्यंतच्या कार्यालयांना लागू केली. लॉगबुक हे कागदपत्रच आहे. आम्हाला विचाराल तर ते रोजच्या रोज संकेतस्थळावर यावं आणि घंटागाडीला लावतात तेच यंत्र प्रत्येक पांढऱ्या मोटारीला लावावं. दोन्ही फेऱ्या एकाच पडद्यावर दिसाव्यात. तोवर सोमवार आहे. आपल्या प्रभागाच्या कार्यालयात जा, मागच्या महिन्याची वही मागा आणि ‘स्थळपाहणी’ कुठल्या स्थळाची, हे तिथल्या तिथे विचारा. वही सापडत नाही असं सांगितलं, तर तेच लेखी मागा.

यंदाचा अंक ‘शहराची चाकं’ या सूत्राभोवती बांधला आहे. कथा-कविता नेहमीप्रमाणे आहेतच. शिवाय टँकरचालक, घंटागाडीवरच्या बायका आणि निवृत्त झालेले एक वाहन अधीक्षक यांच्याशी केलेल्या गप्पा आहेत. अधीक्षकांनी नाव छापू नका अशी अट घातली. ती आम्ही पाळली आहे.



— संपादक